गाडीचा खांदा

रामकिशन मिस्त्री शिलाशी बोललाच नाही. गाडी तिची, चालवत आणली तिनं, आवाज कधी येतो, कुठून येतो हे सांगितलं तिनं, आणि हा बाबा उत्तर देत होता प्रेमदासला. प्रेमदास म्हणजे शिलाचा नवरा. तो बिचारा सेनगावला बाजाराची पिशवी घेऊन सोबत आला होता, आणि गाडीतलं त्याला एवढंच कळत होतं की डिझेल कुठून घालतात.

"टेन्शनर गेला, प्रेमदासभाऊ," मिस्त्री म्हणाला. "पट्टा ताणून धरायचा पार्ट असतो, तो. पुरा सेटच बदलावा लागंल. आल्टरनेटरबी आवाज देऊन राहिला. सामान नांदेडहून यायचं. गुरुवार धरून चला."

"गुरुवार कसा चालंल?" शिला म्हणाली. "सोमवारी पोरींची चाचणी हाय."

मिस्त्रीनं हात फडक्याला पुसले. बोटं नाकाशी नेली, वास घेतला, गालातल्या गालात हसला. मग फडका बॅटरीजवळ कोंबून परत प्रेमदासकडंच बघत म्हणाला, "माझं ऐकता तर भंगारात घाला. सोळा वर्षांची गाडी. त्यात बाईमाणसाच्या हाती. बोंबलंल न्हाई तर काय करंल?"

शिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सांगा, दोन वर्षं रोज सेनगावच्या रस्त्यावरचे खड्डे चुकवत ही बाई गाडी हाकते, एक ओरखडा नाही, आणि ज्यानं तिला चालवताना एकदा धड पाहिलंही नाही तो तिला नावं ठेवतो. तिनं बॉनेट आपटलं, प्रेमदासला म्हणाली, "बसा," आणि गाडी मागं घेतली. गाडीनं असा काही सूर लावला की अख्खं गॅरेज हसलं. तो हसण्याचा आवाज तिच्या कानात नऊ किलोमीटर राहिला.

त्या सोमवारचं एवढं काय, तर ते आधी सांगायला पाहिजे. तांड्यात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर सेनगाव, आणि एसटी तांड्यावर येते ती दुपारी साडेबाराला, म्हणजे शाळा अर्धी झाल्यावर. मग पोरांचं कसंही निभायचं. ती कुणाच्याही मोटरसायकलवर लटकत जायची. पोरी घरी बसायच्या. दोन वर्षांमागं शिलानं ही सात सिटांची जुनी डिझेल गाडी घेतली आणि तांड्यातल्या एकेका दारात जाऊन सांगितलं: मी नेते, मी आणते, पोरीचा जिम्मा माझा. नऊ पोरी झाल्या. त्यातली निता दहावीला, नऊजणींत हुशार. तिचा बाप देवला दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारा माणूस. त्यानं हो म्हणताना अट घातली होती, आणि चार माणसांत घातली होती. "ज्या दिवशी गाडी येणार न्हाई, त्या दिवशी पोरीची शाळा संपली. मग ती आमच्या संग कोयत्यावर."

देवला वाईट माणूस नाही. पण अट घातली की घातली.

आणि शनिवारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या शाळेला निघताना गाडीनं चालू करताच अशी किंचाळी फोडली की पोरींनी कानात बोटं घातली. चढावर तर बॅटरीचा लाल दिवाही लागला. थांबत थांबत जाताना अर्धा तास उशीर झाला, बाईंनी नऊच्या नऊ पोरींना वर्गाबाहेर उभं केलं, आणि गॅरेजहून येऊन पोरींना घरोघरी सोडेपर्यंत ही बातमी देवलाच्या अंगणात पोचलेली.

"शिलावैनी," तो वाटेवरच आडवा आला, "सोमवारी कसं?"

"येती गाडी."

"अशी बोंबलत?"

"येती म्हणलं ना," शिला म्हणाली आणि गाडी त्याच्या बाजूनं पुढं काढली. घरात त्यांची बोली गोरमाटी, पण शिला चिडली की मराठीत यायची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मराठीतच होती.

रविवारी सकाळी तिनं गाडी अंगणात घेतली, पदर खोचला आणि पेटी उघडली. पेटी बापाची. तिचा बाप नरसिंग मळणीयंत्र घेऊन गावोगाव हिंडायचा, आणि शिलाचं अर्धं बालपण पट्ट्यांच्या आवाजात गेलेलं. पट्टा ढिला पडला की कसा रडतो, जास्त ताणला की कसा कण्हतो, हे तिला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. ते रामकिशनला कोण सांगणार? विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याला विचारायचंच नव्हतं.

"गुरुवारपर्यंत दम धर ना," प्रेमदास म्हणाला. "खोललं आन् बसलं न्हाई तर?"

"तर तुमच्या त्या रामकिशनभाऊला बोलवा. तुमच्याशीच बोलतो तो."

प्रेमदास चहा करायला आत गेला. एवढी अक्कल त्याला नक्कीच होती.

बाजेवर तिचा सासरा लालसिंग बसला होता, कडबा कुट्टीच्या मशीनला टेकून. मशीन बंद होतं. उन्हाळ्यात बैलजोडी विकली, आता कडबा खाणार कोण? पण म्हातारा रोज जाऊन तिथंच बसायचा. परवा पोळ्याला त्यानं गाडीलाच बैल केलं होतं: बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर गेरूचे ठिपके, आणि दिवसभर गाडी जागची हलू दिली नाही. बैलाला सुट्टी, शाळेला सुट्टी, तर हिलापण सुट्टी. आजही तो गाडीकडं तसाच बघत होता, गोठ्यात दुखणाईत जनावर बघावं तसा.

बॉनेट उघडल्यावर पहिला दिसला तो रामकिशनचा फडका. शिलानं तो दोन बोटांत धरला आणि न बघता कुंपणावर फेकला. त्या माणसाची वस्तूसुद्धा तिला डोळ्यांसमोर नको होती.

मग तिनं खडू घेतला आणि सारवलेल्या अंगणात, गाडीच्या नाकाखाली, पट्टा कुठून कसा फिरतो त्याचं चित्र काढलं. खाली मोठी पुली, वर बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर, बाजूला पाण्याचा पंप, मध्ये टेन्शनर. चित्र न काढता पट्टा काढला की परत बसवताना माणूस वेडा होतो, हे बापाचं शिकवणं. टेन्शनर म्हणजे तरी काय? स्प्रिंग भरलेला एक लोखंडी हात. त्याच्या टोकाला एक पुली. तो हात पट्ट्याला सतत दाबून धरतो, म्हणून पट्टा घसरत नाही आणि बाकीचं सगळं फिरतं. आखाडात लालसिंगनं तिला विचारलं होतं, "सूनबाई, हिच्यात वढतं कोण?" तेव्हा शाळेची वेळ झालेली. तिनं घाईत याच हातावर टिचकी मारली होती. "ह्यो हिचा खांदा समजा, मामा. ह्यानं जोर धरला तर पट्टा वढतो." म्हाताऱ्यानं तेव्हा मान हलवली होती, समाधानानं.

पंधरा नंबरचा पाना त्या हातावर चढवून, पान्याला बोअरच्या पाइपाचा तुकडा घालून तिनं जोर लावला. स्प्रिंग कुरकुरली, हात मागं सरला, पट्टा सैल पडून सुटला. आता खरी परीक्षा. पट्टा निघाल्यावर प्रत्येक पुली नुसत्या हातानं फिरवून बघायची, कानानं. आल्टरनेटरची फिरवली. गुपचूप फिरली, एक शब्द नाही.

"आल्टरनेटर आवाज देऊन राहिला म्हणे," शिला दात खात म्हणाली. "ह्यो आवाज? ह्यो? हात तरी लावला होता का मेल्यानं?"

पंपाची पुलीही गुमान फिरली. टेन्शनरची फिरवली आणि आत खर्रर्र झालं, जात्यात खडा आल्यासारखं. बेअरिंग कोरडं पडलं होतं. म्हणजे बघा, मिस्त्रीचं अर्धं खरं निघालं, तेही त्याला ठाऊक नसताना. पण त्यासाठी पुरा सेट आणि गुरुवार कशाला? आतलं बोटभर बेअरिंग तेवढं बदलायचं.

पुलीचा बोल्ट मात्र हलेना. तिनं ओढला, पाय लावून ओढला, शिव्या घातल्या. तळहाताची साल निघाली तशी ती मागं सरली आणि बोल्टाकडं बघत बसली. मग एकदम आठवलं, सायकलचं डावं पायडल. ते उलटं सुटतं. उलट्या बाजूनं जोर दिला, कट् आवाज आला आणि बोल्ट सुटला. एवढा वेळ ती बिचारीच त्याला आणखी घट्ट करत होती. स्वतःवर चिडायला तिला वेळ नव्हता, आधीच चिडायच्या माणसांची रांग मोठी होती.

टेन्शनरच्या हातावर काळपट, चिकट थर बसला होता. जुनी गाडी, तेल गळतंच, असं म्हणून तिनं तो रॉकेलनं पुसून काढला. जुनं बेअरिंग पान्याच्या गोटीनं, म्हणजे सॉकेटनं, ठोकून बाहेर काढलं, कडेवरचा नंबर वाचला, आणि तिची मान आपोआप कडबा कुट्टीकडं वळली. मशीनच्या मोटारीत हेच बेअरिंग होतं. गेल्या दिवाळीत तिनंच ते नवीन आणून घातलं होतं.

ती म्हाताऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. कसं म्हणावं तेच तिला कळेना. मशीन उघडलं म्हणजे बैल परत यायचे नाहीत हे पक्कं झालं, आणि ते तिच्याच हातून.

"मामा, मोटार खोलू का? बेअरिंग पाहिजे हुतं. आज रविवार, दुकान उघडं न्हाई."

लालसिंगनं मशीनवर हात फिरवला. "पोरी जातील ना त्यानं शाळंत?"

"जातील."

"मग काढ," तो म्हणाला आणि बाज उचलून लिंबाखाली जाऊन बसला, पाठ करून.

दोन तास लागले. तोवर चार रिकामटेकडी माणसं कुंपणापाशी जमली, आणि त्यात देवलाही. कुणी म्हणालं, बाई रांधायचं सोडून काय करून राहिली. कुणी म्हणालं, खोलायला काय, कुणीबी खोलतं. शिलानं मान वर केली नाही. नवीन बेअरिंग पुलीत बसवलं, बोल्ट उलटा आवळला, खडूच्या चित्रावर बोट ठेवत पट्टा एकेका पुलीवरून नेला, पाइपानं हात मागं दाबून शेवटचा फेरा चढवला आणि सोडला. पट्टा टणक बसला. ती आत बसली आणि किल्ली फिरवली.

गाडी किंचाळली.

तीच किंचाळी. तसूभरही कमी नाही. कुंपणापाशी कुणीतरी फिसकन हसलं. देवला हसला नाही, तो पुढं आला आणि हळूच म्हणाला, "वैनी, उद्या निताला पाठवत न्हाई मी. तुमी केलं तेवढं केलं." आणि तो हळूच बोलला हेच शिलाला जास्त लागलं. भांडला असता तर तिला भांडता आलं असतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. गाडी तशीच चालू ठेवून ती खाली उतरली, इंजिनापुढं उभी राहिली आणि तिनं मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला: रामकिशनचा, साडेबाराच्या एसटीचा, सातवीवर संपणाऱ्या शाळेचा, पोरीच्या शिक्षणाला गाडीच्या पट्ट्यावर टांगून ठेवणाऱ्या अख्ख्या तांड्याचा, आणि आपलाही. दुसऱ्याच्या लेकीचा जिम्मा घेताना उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं केलं होतं.

तेवढ्यात खडूच्या चित्रावर एक थेंब पडला. मग दुसरा. पांढऱ्या रेघेवर पिवळाधमक थेंब. तिनं गाडी बंद केली, वाकून बोट लावलं, वास घेतला. तेल नव्हतं. साजूक तूप होतं, आणि त्यात हळद.

तिनं पट्टा जरा पिरगाळून आतली बाजू बघितली. वरून काळा, पण आतल्या खाचांतून पिवळं ओशट भरलेलं. तापल्यावर वितळून तेच गळत होतं. शुक्रवारी-शनिवारी सगळ्या तांड्यालाच तुपाचा वास येत होता, गाडीला येतो हे कुणाच्या ध्यानात येणार?

"मामा," तिनं हाक मारली.

लालसिंग लिंबाखालून उठून आला. पिवळ्या थेंबाकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पोळ्याच्या आदल्या सांजंला खांदेमळण असती ना," तो म्हणाला. "खांदा मळल्याबिगर पोळा कसा करावा? साठ वर्षं बैलांचे खांदे मळले. औंदा बैल न्हाईत. तूच दावला हुता हिचा खांदा. पळसाच्या पानानं तूप-हळद लावली, पट्ट्यालाबी लावली, वढून वढून त्यो दमत असंल म्हणून. म्हणलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"बापू, डोकं फिरलं का तुमचं?" प्रेमदास ओरडला. "गाडी हाय ती, बैल न्हाई. दोन दिवस झाले आमी..."

"तुमी गप बसा," शिला म्हणाली. "मीच सांगितलं हुतं त्यांना. खांदा म्हणून."

तिला हसू यायला लागलं होतं, आणि त्याच वेळी डोळेही भरून येत होते. म्हाताऱ्यावर कसं चिडायचं? ज्याला खरोखर ओढताना पाहिलं त्याचाच त्यानं मान राखला. चूक होती ती तिच्या घाईची. तिनं लालसिंगचा हात धरून त्याला गाडीच्या पुढं नेलं, बॉनेट लावलं आणि तो हात त्यावर टेकवला.

"पुढल्या साली हितं लावा, मामा. आत न्हाई."

"मग वढतं ते कोण?"

"वढतं ते आतलंच. पण त्याला तूप चालत न्हाई."

"काय जनावर हाय," लालसिंग पुटपुटला. "तूप चालत न्हाई म्हणं."

आता काम सोपं होतं. पट्टा परत काढला, साबणाच्या पाण्यात भांड्याच्या घासणीनं एकेक खाच घासली आणि पुल्या पुसल्या. उन्हात वाळायला म्हणून पट्टा तिनं कुंपणाकडं नेला, आणि तिथं तिचे पाय थबकले.

कुंपणावर रामकिशनचा फडका लटकत होता. मधोमध पिवळी बोटं उमटलेली. चार बोटं, स्वच्छ, हळदीची.

शिलाला तो शनिवारचा क्षण डोळ्यांपुढं उभा राहिला. त्यानं हात पुसले होते. बोटं नाकाशी नेली होती. वास घेतला होता. हसला होता. हिंगोली जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तूप-हळदीचा वास कळत नाही असं कुणी सांगावं? त्याला कळलं होतं. पट्टा धुवा, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडात आले होते, आणि ते गिळून त्यानं गुरुवार सांगितला. बेअरिंग वाईट आहे हे त्याला माहीतच नव्हतं. जे माहीत होतं ते सांगितलं नाही, आणि जे माहीत नव्हतं ते छाती ठोकून सांगितलं. वर बाईमाणसाच्या नावानं बोटं मोडली. आणि त्या दोन शब्दांपायी नऊ पोरी घरी बसल्या असत्या, निता कोयत्यावर गेली असती, आणि ह्याला ते कधी कळलंही नसतं.

ती ओरडली नाही. फडका काढला, पिवळी बोटं वर येतील अशी घडी घातली आणि गाडीच्या पुढच्या खणात ठेवला.

चार वाजता पट्टा चढवला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, आणि नुसतं इंजिनच ऐकू आलं, बाकी काही नाही. कुंपणापाशी तेव्हा एकटा देवला उरला होता. तो बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला.

"किती वाजता निघता उद्या?" त्यानं विचारलं.

"नऊला. पावणेनऊला उभी ठेवा तिला."

सोमवारी नऊच्या नऊ पोरी बसल्या. निता पुढं, मांडीवर वही. साडेनऊला सेनगावात गाडी रामकिशनच्या गॅरेजसमोर थांबली. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. शिलानं इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरली आणि सरळ मिस्त्रीपुढं जाऊन उभी राहिली.

मिस्त्रीनं गाडीकडं कान दिला. सवयीनं त्याची नजर प्रेमदासला शोधत होती. प्रेमदास आलाच नव्हता, त्यामुळं त्याला पहिल्यांदा शिलाशी बोलावं लागलं. "टेन्शनर कुठून आणला?"

"न्हाई आणला. बेअरिंग बदललं, कडबा कुट्टीचं. ते तुमाला कळलंच नव्हतं." तिनं फडका त्याच्या हातात दिला आणि घडी उलगडली. "आन् जे कळलं हुतं, ते हितं राहिलंय. धुतला न्हाई म्या. बोटं तुमचीच हायेत का बघून घ्या."

गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं फडका हुंगला आणि म्हणाला, "खांदेमळणीचं तूप हाय हे." मग त्यानं रामकिशनकडं बघितलं.

"मिस्त्री," शिला म्हणाली, "त्या दिवशी दोन शब्द बोलला असता तर जन्मभर तुमच्याकडंच आले असते मी."

ती गाडीत बसली. चाचणीला वीस मिनिटं होती. मागं गॅरेजात कुणीतरी आपल्या गाडीचं बॉनेट उघडून मिस्त्रीला म्हणत होतं, "थांबा, काय बिघडलंय ते आधी मला दाखवा."